स्थानिक प्रोग्रामिंग मेळाव्यांत आणि चर्चांत सहभागी कसे व्हावे

एखाद्या परिसरातील प्रोग्रामर महिन्यातून एकदा एकत्र जमतात, दोन-तीन व्याख्याने होतात, मधल्या वेळात गप्पा रंगतात आणि उरलेला महिनाभर त्याच मंडळींची चर्चा चॅट गटावर चालू राहते, असे प्रादेशिक प्रोग्रामिंग समुदायाचे साधारण रूप असते. अशा ठिकाणी नव्याने जाणारे बरेच जण मागच्या रांगेत बसतात, व्याख्यान संपताच निघतात आणि ‘हे सगळे तर घरबसल्या व्हिडिओवर पाहता आले असते’ असे म्हणून पुन्हा फिरकत नाहीत. त्यांचे म्हणणे खोटे नसते, कारण व्याख्यान खरोखरच व्हिडिओवर पाहता येते. मात्र ते शिकवणीला जावे तसे मेळाव्याला गेलेले असतात, आणि शिकवणी म्हणून पाहिले तर मेळावा हा फारच सुमार वर्ग ठरतो. स्वतःच्या कामातील एखादी अडलेली गोष्ट बरोबर घेऊन जाणाऱ्याला मात्र तेथे जे मिळते, ते व्हिडिओत मिळत नाही. ती अडलेली गोष्ट कशी निवडावी, कशी मांडावी आणि पुढे तिचे काय करावे, हे या लेखात सांगितले आहे.

ही रीत आजची नाही. १९५५ साली आयबीएमचा ७०१ हा संगणक वापरणाऱ्या कंपन्यांतील मंडळींनी ‘शेअर’ नावाचा गट स्थापन केला. त्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते: तेच ते मूलभूत प्रोग्राम प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे लिहीत बसली होती आणि त्यात सर्वांचाच वेळ वाया जात होता. पुढे ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक झाली. पुढे ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झालेले स्टीव्ह वॉझ्नियाक त्या बैठकीला हजर होते आणि ‘ॲपल-१’ या संगणकाची प्रेरणा आपल्याला तेथेच मिळाली, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. ली फेल्सेनस्टाइन त्या क्लबच्या बैठका चालवू लागले तेव्हा त्यांनी बैठकीचे दोन भाग पाडले. पहिल्या भागात ज्याला काही सांगायचे आहे त्याने उभे राहून आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय हवे आहे ते थोडक्यात सांगायचे. दुसऱ्या भागात प्रत्येकाने आपल्या उपयोगाचा माणूस गाठून त्याच्याशी बोलत बसायचे. या दुसऱ्या भागाला ते ‘रँडम ॲक्सेस’ म्हणत. आजच्या मेळाव्यात असा भाग वेळापत्रकावर छापलेला नसला, तरी व्याख्यानानंतरच्या अर्ध्या तासात तो आपोआप घडतोच, आणि नेमक्या त्याच वेळी घरी निघून जाणारा माणूस मेळाव्याचा निम्मा भाग चुकवतो.

गट कसा निवडावा

गट शोधणे आता अवघड राहिलेले नाही. आपण वापरत असलेल्या भाषेच्या किंवा तंत्राच्या नावाने शोध घेतला तर जवळच्या गटाची माहिती मिळते, आणि न मिळाल्यास त्याच क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला विचारले तरी पुरते. निवड करताना सदस्यसंख्येकडे पाहू नये. हजारो सदस्यांच्या यादीतून प्रत्यक्ष येणारे पंचवीसच असू शकतात, आणि तेवढे पुरेसेही असतात. पाहायचे ते गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष किती मेळावे झाले आणि त्यांत बोलणारी माणसे बदलत होती की दर वेळी तीच दोन नावे दिसत होती. जेथे दर खेपेस नवा माणूस बोलायला उभा राहतो, तेथे नवख्याला जागा असते. गटाची आचारसंहिता लिहिलेली आहे का आणि तक्रार करायची झाल्यास ती कोणाकडे करायची याचे नाव त्यात दिले आहे का, हेही पाहून घ्यावे. ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’ या २०१४ पासून प्रचारात असलेल्या तयार आचारसंहितेचा मसुदा अनेक प्रकल्प जसाच्या तसा उतरवून घेतात आणि संपर्काची रिकामी जागा भरायची विसरतात. तशी रिकामी जागा दिसली, तर ती आचारसंहिता कोणी वाचलेली नाही असे खुशाल समजावे.

एका मेळाव्यावरून गटाविषयी मत बनवू नये. विषय आपल्या कामाचा नव्हता, वक्ता नवखा होता, त्या दिवशी आयोजकच गडबडीत होते, असे काहीही घडलेले असू शकते. तीन वेळा जावे आणि मग ठरवावे.

जाण्याआधीची तयारी

नोंदणी केली असेल आणि जाणे जमणार नसेल, तर ती आदल्या दिवशी रद्द करावी. जागा विनामूल्य असली की लोकांना हे क्षुल्लक वाटते, परंतु आयोजकाने खुर्च्यांचा, खोलीचा आणि प्रवेशाच्या यादीचा हिशेब त्याच आकड्यावर केलेला असतो, आणि प्रतीक्षायादीत कोणीतरी खरोखरच थांबलेले असते.

त्यानंतरची तयारी दहा मिनिटांची आहे. गेल्या महिन्याभरात आपण कोठे अडलो ते आठवून त्यातील एक गोष्ट दोन वाक्यांत लिहून काढावी. ‘मला मशीन लर्निंग शिकायचे आहे, कोठून सुरुवात करू?’ हा प्रश्न असा नव्हे, कारण त्याचे उत्तर कोणीही कोणालाही देऊ शकतो आणि म्हणूनच ते कोणाच्या लक्षात राहत नाही. ‘आमच्या टेस्ट माझ्या लॅपटॉपवर पास होतात आणि सर्व्हरवर दहांतून एकदा फेल होतात, तर शोध कोठून सुरू करावा?’ हा मात्र खरा प्रश्न आहे. तो ऐकून समोरच्याला आपली अशीच एखादी रात्र आठवते, आणि तेथून बोलणे आपोआप पुढे सरकते. ओळख करून देताना ‘मी अमुक कंपनीत अमुक पदावर आहे’ असे सांगण्याऐवजी ‘सध्या मी अमुक करतो आहे आणि अमुक ठिकाणी अडलो आहे’ असे सांगावे. पद ऐकून त्यावर पुढे काय बोलावे, हे समोरच्याला सहसा सुचत नाही.

पहिल्या भेटीत

शक्य असेल तर पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. सभागृह भरल्यावर आत शिरणाऱ्याला आधीच जमलेली टोळकी फोडावी लागतात. आधी आलेल्याच्या भोवती मात्र टोळके जमते. त्या वेळेत आयोजक खुर्च्या लावत असतात, प्रोजेक्टरशी झुंजत असतात. त्यांना ‘काही मदत करू का?’ असे विचारावे. लाजाळू माणसासाठी ही सर्वांत सोपी युक्ती आहे, कारण हाताला काम असले की बोलायला विषय शोधावा लागत नाही. मी स्वतः गर्दीत गप्प बसणारा माणूस आहे, आणि माझ्या पहिल्या तीन ओळखी केबल गुंडाळताना झाल्या.

घोळक्यात उभे असताना एक माणूस मावेल एवढी फट मोकळी ठेवावी. प्रोग्रामांचे दस्तऐवज प्रसिद्ध करणाऱ्या ‘रीड द डॉक्स’ या सेवेचे एक संस्थापक एरिक होल्शर यांनी या सवयीला पॅक-मॅन या व्हिडिओ गेममधील गोल पात्राच्या उघड्या तोंडावरून ‘पॅक-मॅन नियम’ असे नाव दिले आहे. ऐकायला ही गोष्ट बारीक वाटते, पण पाठी जोडून उभ्या असलेल्या पाच जणांच्या रिंगणात शिरण्याचे धैर्य नवख्याला होत नाही, आणि फट दिसली की तो स्वतःहून येऊन उभा राहतो. आलेल्या माणसाला चाललेला विषय एका वाक्यात सांगावा, म्हणजे तो नुसता मान डोलावत उभा राहणार नाही.

व्याख्यानानंतर प्रश्न विचारताना तो प्रश्नच असावा. हात वर करून आपला अनुभव तीन मिनिटे सांगणारे आणि शेवटी ‘यावर आपले मत काय?’ असे जोडून देणारे गृहस्थ प्रत्येक गटात असतात. आपण त्यांपैकी एक होऊ नये. लांबलचक शंका असेल तर ती वक्त्याला नंतर गाठून विचारावी. वक्त्यालाही ते आवडते, कारण व्याख्यान संपल्यावर एकट्याने लॅपटॉपची वायर गुंडाळत बसण्यासारखे दुसरे उदास काम नाही.

ऐकलेल्या गोष्टींबाबत सांभाळून राहावे. लोक मेळाव्यात मोकळेपणाने बोलतात, आपल्या कंपनीतील फसलेले प्रकल्पही सांगतात. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासून चालत आलेला एक नियम येथे उपयोगी पडतो: ऐकलेली माहिती खुशाल वापरावी, मात्र ती कोणी सांगितली आणि तो माणूस कोणत्या संस्थेचा होता, हे उघड करू नये.

प्रश्न कसा मांडावा

मेळाव्यात तोंडी विचारलेला प्रश्न समोरचा माणूस उलटप्रश्न करून नीट करून घेतो. चॅट गटावर लिहिलेल्या प्रश्नाला ही सोय नसते. तेथे वाचणारा माणूस दोन कामांच्या मध्ये, फोनवर, अर्ध्या लक्षाने वाचत असतो, आणि पहिल्या दोन ओळींत त्याला काही हाती लागले नाही तर तो पुढे सरकतो. म्हणून लेखी प्रश्न घडवण्यासाठी वेळ द्यावा लागतो. एक उदाहरण जवळून पाहू.

पहिला मसुदा बहुधा असा असतो: ‘माझ्या प्रोग्राममध्ये मराठी नीट दिसत नाही, कोणी मदत कराल का? अर्जंट आहे.’ यात कोणता प्रोग्राम, कोणती भाषा, कोठे दिसत नाही आणि ‘नीट दिसत नाही’ म्हणजे नेमके काय दिसते, यांतले काहीच नाही. ‘कोणी मदत कराल का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे म्हणजे न पाहिलेल्या कामाची हमी घेणे असते, त्यामुळे कोणी ‘हो’ म्हणत नाही. ‘अर्जंट’ हा शब्द तर वाचणाऱ्याला मागेच सरकवतो.

आता तोच प्रश्न असा लिहून पाहा: ‘पायथनने नावांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये लिहितो. एन्कोडिंग यूटीएफ-८ दिले आहे. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर नावे बरोबर दिसतात, परंतु तीच फाइल डबल-क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडली की देवनागरीच्या जागी मात्रा-ठिपके लावलेली रोमन अक्षरे दिसतात. फॉन्ट बदलून पाहिला, फरक पडला नाही. फाइल लिहिणाऱ्या पाच ओळी खाली देत आहे.’

या मांडणीत उत्तर जवळजवळ दिसतेच. (एन्कोडिंग म्हणजे अक्षरे बाइटांच्या रूपात साठवण्याची पद्धत, आणि यूटीएफ-८ ही त्यांपैकी एक.) टेक्स्ट एडिटरमध्ये नावे बरोबर दिसतात, म्हणजे लिहिलेले बाइट बरोबर आहेत. चूक वाचणाऱ्या बाजूला आहे. स्प्रेडशीटच्या प्रोग्रामला ही फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे कळत नाही आणि तो दुसरेच एन्कोडिंग गृहीत धरतो. फाइलच्या आरंभी ‘बाइट ऑर्डर मार्क’ ही तीन बाइटांची खूण घातली की बहुधा काम होते, आणि पायथनमध्ये त्यासाठी एन्कोडिंगचे नाव ‘यूटीएफ-८-सिग’ असे द्यायचे असते. जाणकाराला हे सांगायला अर्धे मिनिट लागते. पहिल्या मसुद्यावरून येथवर पोहोचायला त्याला आठ-दहा संदेश खर्ची घालावे लागले असते, आणि तेवढा उत्साह बहुतेकांकडे नसतो.

यातून तीन सवयी लावून घ्याव्यात. एक म्हणजे, आपण काय अपेक्षित धरले होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे दोन्ही वेगवेगळे लिहावे. दुसरी, एरर मेसेज आपल्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा उतरवावा, आणि तोही मजकूर म्हणून. स्क्रीनचा फोटो काढून टाकला तर तो कोणाला शोधता येत नाही आणि त्यातील कोड कोणाला चालवून पाहता येत नाही. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, कोड छाटत छाटत एवढा लहान करावा की चूक तर होतेच आहे, पण आणखी एक ओळ काढली तर ती होणार नाही. हे करताना निम्म्या वेळा उत्तर आपले आपल्यालाच सापडते आणि प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

आणखी एक सापळा असतो. आपल्याला ‘क’ साधायचे असते, त्यासाठी ‘ख’ हा मार्ग आपणच मनाशी ठरवतो, ‘ख’मध्ये अडतो आणि लोकांना फक्त ‘ख’विषयी विचारतो. प्रोग्रामर मंडळी याला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात. फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरे कशी काढावी, असे एखादा विचारतो. त्याला खरे तर फाइलचा प्रकार ओळखायचा असतो, आणि प्रकाराची खूण चार अक्षरांची निघाली की त्याला मिळालेले अचूक उत्तर निरुपयोगी ठरते. म्हणून प्रश्नाच्या शेवटी ‘हे मला अमुक कामासाठी हवे आहे’ असे एक वाक्य जोडावे. तसेच दिवसभर उत्तर आले नाही तर एकदा, नवी माहिती जोडून, आठवण करावी. नुसते ‘कोणी आहे का?’ असे पुन्हा पुन्हा लिहू नये, आणि गटातील जाणकाराला खाजगी संदेश पाठवून गाठू नये. खाजगीत मिळालेले उत्तर त्या दोघांपुरतेच राहते.

उत्तर मिळाले आणि अडचण सुटली, की गटावर परत येऊन काय केले ते लिहावे. ‘झाले, धन्यवाद’ एवढे पुरत नाही. कोणती ओळ बदलली ते लिहिले, तर सहा महिन्यांनी तीच अडचण आलेल्या माणसाला ते सापडते, आणि तो माणूस बहुधा आपणच असतो.

उत्तर देताना

महिन्या-दोन महिन्यांत अशी वेळ येते की गटावर आलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक असते. त्या वेळी मागे राहू नये. जाणकाराला जी पायरी सांगण्याजोगी वाटत नाही, ती कालच शिकलेल्या माणसाला आठवते, त्यामुळे नवख्याचे उत्तर नवख्याला अनेकदा जास्त उपयोगी पडते. खात्री नसेल तर ‘माझ्याकडे असे केल्यावर चालले, कारण नक्की सांगता येत नाही’ असे स्पष्ट लिहावे. एआयच्या साहाय्याने मिळवलेले उत्तर स्वतः चालवून न पाहता चिकटवू नये. विचारणाऱ्याने ते आधीच करून पाहिलेले असते.

बोलण्याच्या सुराविषयी न्यूयॉर्कमधील ‘रिकर्स सेंटर’ या प्रोग्रामरांच्या संस्थेचे चार छोटे सामाजिक नियम आहेत, आणि ते कोणत्याही गटात लागू पडावेत असे आहेत. समोरच्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे कळल्यावर ‘काय, तुला गिट माहीत नाही?’ असे आश्चर्य दाखवू नये. मुद्द्याला बाधा न आणणारी बारीक चूक काढण्यासाठी ‘खरे तर…’ म्हणत मध्ये पडू नये. दोघांचे काम चालले असताना, त्यात पूर्ण न शिरता, लांबून सल्ले फेकू नयेत. आणि स्त्रिया, वय, जात-वंश यांवरून आडून मारलेले शेरेही टाळावेत. यांपैकी दुसरा नियम पाळणे प्रोग्रामरला सर्वांत जड जाते, हे मी स्वतःवरून सांगतो. चूक दिसली की बोटे शिवशिवतात. अशा वेळी मी एकच विचार करतो: ही दुरुस्ती केली नाही तर विचारणाऱ्याचा कोड चुकेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर लिहिलेले पुसून टाकतो.

भाषेचा प्रश्न

प्रादेशिक गटाचा खरा फायदा हा की तेथे आपल्या भाषेत समजावून घेता येते. परंतु परिभाषेच्या बाबतीत हट्ट धरू नये. ‘व्हेरिएबल’, ‘लूप’, ‘डिपेंडन्सी’ हे शब्द रुळले आहेत. त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द दिले, तर ऐकणाऱ्याला मनातल्या मनात उलटे भाषांतर करावे लागते आणि पुढे दस्तऐवज वाचताना तो गोंधळतो. शब्द रूढ असू द्यावेत, स्पष्टीकरण मात्र आपल्या बोलण्यातले असावे. घोळक्यात ती भाषा न समजणारा एक जरी माणूस असला, तरी सर्वांना समजेल अशा भाषेकडे वळावे, आणि कोणी वळला नाही तर आपण हळूच त्या माणसाला अर्थ सांगावा.

पाच मिनिटांचे पहिले व्याख्यान

‘लाइटनिंग टॉक’ हा पाच मिनिटांच्या व्याख्यानाचा प्रकार २००० साली पर्ल भाषेच्या परिषदेपासून या नावाने रुळला आणि आज जवळजवळ प्रत्येक गटात असतो. पहिले व्याख्यान नेहमी याच प्रकारातले द्यावे. वाईट झाले तरी पाच मिनिटांत संपते. तज्ज्ञ होईपर्यंत थांबलो तर व्याख्यान कधीच होत नाही. उलट नुकतीच सुटलेली एखादी अडचण हाच उत्तम विषय असतो.

वरच्याच उदाहरणाचा धागा पुढे नेऊ. मराठी नावांची फाइल नीट लिहिणाऱ्याला लवकरच पुढचा प्रश्न पडतो: नाव फार लांब असेल तर ते तोडायचे कसे? यावर पाच मिनिटे सहज बोलता येते. पडद्यावर ‘नमस्ते’ हा एकच शब्द दाखवावा आणि यात किती अक्षरे आहेत, असे सभागृहाला विचारावे. लोक तीन म्हणतील. मग पायथनमध्ये त्याची लांबी काढून दाखवावी. ती सहा येते, कारण न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा हे सहा वेगवेगळे कोडपॉइंट, म्हणजे युनिकोड या लिपिचिन्हांच्या जागतिक मानकात स्वतंत्र क्रमांक असलेली चिन्हे, आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांतील प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणून फाइलमध्ये त्याच शब्दाचे अठरा बाइट होतात. आता शब्द उलटा करून दाखवावा. ‘ेत्समन’ असे काहीतरी दिसते, आरंभीची मात्रा कशालाच चिकटलेली नसते, आणि सभागृहात हमखास हशा पिकतो. शेवटी सांगावे की डोळ्यांना दिसणारे अक्षर मोजण्यासाठी युनिकोडचे ‘ग्राफीम क्लस्टर’चे नियम आहेत, पूर्वीच्या नियमांप्रमाणे या शब्दाचे चार तुकडे पडत, आणि २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षरांसाठी नियम आल्यापासून ते तीन पडतात; तेव्हा आपण वापरत असलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, कोणती आवृत्ती मानते ते तपासावे. एक शब्द, चार आकडे, एक हशा, एक सल्ला. याहून अधिक काही पाच मिनिटांत मावत नाही आणि मावावे असा आग्रहही धरू नये.

माझे पहिले लाइटनिंग टॉक मात्र असे झाले नव्हते. मी सर्वांसमोर एक लायब्ररी उतरवून घेऊन तिचे प्रात्यक्षिक दाखवणार होतो. सभागृहातील वाय-फायवर तेव्हा सर्वांचे फोन जोडलेले होते, आणि पाच मिनिटांपैकी तीन मिनिटे आम्ही सगळे मिळून एक पुढे न सरकणारी पट्टी पाहत बसलो. शिवाय टर्मिनलची अक्षरे एवढी बारीक होती की मागच्या रांगेला ती पट्टीही दिसली नाही. तेव्हापासून मी नेटवर अवलंबून असलेली कोणतीही गोष्ट समोर करत नाही, प्रात्यक्षिकाचे रेकॉर्डिंग जवळ ठेवतो, अक्षरे चोवीस पॉइंटांहून लहान ठेवत नाही आणि उजळलेल्या खोलीत काळ्या पार्श्वभूमीऐवजी पांढरी वापरतो. एचडीएमआयचा अडॅप्टर स्वतःचा न्यावा आणि सूचना देणारे सगळे प्रोग्राम बंद करावेत. खाजगी संदेश पडद्यावर झळकला की उरलेले व्याख्यान कोणी ऐकत नाही. घरी घड्याळ लावून मोठ्याने तीनदा बोलून पाहावे, कारण मनातल्या मनात केलेला सराव प्रत्यक्षापेक्षा नेहमीच कमी वेळात संपतो.

व्याख्यानांखेरीज

काही गट व्याख्याने न ठेवता एकत्र बसून कोड लिहितात. त्यांपैकी ‘कोडरिट्रीट’ हा प्रकार संधी मिळाल्यास अवश्य अनुभवावा. त्यात दिवसभर एकच कोडे, बहुधा गणितज्ञ जॉन कॉन्वे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ हा चौकटींचा खेळ, दर वेळी नव्या जोडीदाराबरोबर पंचेचाळीस मिनिटे सोडवायचे असते आणि वेळ संपली की लिहिलेला कोड पुसून टाकायचा असतो. पुसताना पहिल्यांदा जीव तुटतो. परंतु काम पूर्ण करण्याचे ओझे नसल्यामुळे माणूस जोडीदाराच्या पद्धतीकडे पाहू लागतो, आणि एका दिवसात पाच-सहा जणांची विचार करण्याची रीत जवळून दिसते, जी वर्षभराच्या व्याख्यानांत दिसत नाही.

दुसरा प्रकार ‘ओपन स्पेस’चा. १९८५ साली हॅरिसन ओवेन यांनी घडवलेल्या या पद्धतीत विषय आधी ठरलेले नसतात. जमलेले लोक सकाळी कागदांवर विषय लिहून फळ्यावर लावतात आणि आपापल्या पसंतीच्या गोलात जाऊन बसतात. येथे ‘दोन पायांचा नियम’ असतो: ज्या चर्चेत आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तेथून उठून दुसरीकडे जावे, आणि ते उद्धटपणाचे मानले जात नाही. नवख्याने पहिल्याच वेळी एक कागद लावावा. वर सांगितलेला लिहून आणलेला प्रश्न येथेही चालतो.

हातभार आणि पुढची पायरी

सहा-आठ महिने नियमित गेल्यावर आयोजक आपल्याला ओळखू लागतात आणि लवकरच एखादे काम गळ्यात पडते. ते स्वीकारताना काम लहान आणि ठरावीक असावे. ‘मीही मदत करीन’ असे म्हणणारे पुष्कळ असतात आणि त्यांचा उपयोग होत नाही; ‘पुढच्या तीन मेळाव्यांचे वक्ते मी ठरवीन’ असे म्हणणारा एक पुरतो. वक्ते मिळवणे हे सर्वांत चिवट काम आहे. गटावर सर्वांना उद्देशून आवाहन केले की कोणीच पुढे येत नाही, परंतु एखाद्याला बाजूला घेऊन ‘गेल्या आठवड्यात तुम्ही टेस्टविषयी जे सांगितले, त्यावरच पाच मिनिटे बोलाल का?’ असे विचारले की बहुतेक जण हो म्हणतात. नवख्यांना, आणि ज्यांना सहसा कोणी विचारत नाही अशांना, असे मुद्दाम विचारावे.

मेळाव्यात कोणाशी गैरवर्तन झाल्याचे दिसले, तर ते आयोजकांच्या कानावर त्याच दिवशी घालावे, काय पाहिले आणि ऐकले तेवढेच सांगावे, आणि ज्याला त्रास झाला त्याची संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव चारचौघांत घेऊ नये. आयोजक आपणच असलो, तर दोन्ही बाजूंना सर्वांसमोर समोरासमोर आणण्याचा मोह टाळावा.

काम सोडण्याची वेळही येते. नोकरी बदलते, घर बदलते किंवा नुसता उत्साह सरतो. त्यात कमीपणा नाही, मात्र नाहीसे होऊ नये. गटाच्या खात्यांचे पासवर्ड, जागा देणाऱ्यांचा संपर्क, वक्त्यांची अर्धवट ठरलेली यादी आणि कपाटात पडलेले अडॅप्टर हे सगळे एका कागदावर लिहून पुढच्या माणसाच्या हाती द्यावे, आणि एक मेळावा तो चालवत असताना आपण मागच्या रांगेत बसून राहावे.